राजाची आलाबला

दगडाबाई: पुन्ना वाच बघू. ‘रटाळ’ म्हंजे काय लिवलंस?

अभिमन्यू: कंटाळवाणा. आई, अडीच तासांच्या सिनेमात दीड तास हा राजा वीरभद्र नुसती भाषणं ठोकतोय.

दगडाबाई: राजा हाय त्यो. बोलंल की.

अभिमन्यू: बेड्या पडल्यावरसुद्धा? आणि राज्य गेलं ते कुणामुळं? ऐन पावसाच्या तोंडावर लढाईला निघाला, कुणाचं म्हणून ऐकलं नाही. सिनेमावाल्यांनी सगळं खापर फितुरांवर फोडलं. पत्रकारांना आधी दाखवतात ते उगीच का? उद्या पेपरात हे आलं नाही, तर मी परीक्षण लिहून उपयोग काय?

दगडाबाई: आरं, पर रविवारी आख्खी गल्ली यायलीया बघायला! शेजारच्या बसूचा टेम्पो सांगून ठेवलाय मी. आन् तू शुक्रवारीच लिवनार, जाऊ नगासा म्हणून. वळसंगात तुझा पेपर येतोय, ध्यानात हाय न्हवं?

अभिमन्यू: म्हणून पहिल्या एसटीनं आलीस होय? मला वाटलं, शेंगाचटणी द्यायला आलीस.

दगडाबाई: चटणीबी आणलीया. लेका, तुझी आई हाय त्या सिनेमात.

अभिमन्यू: माहीत आहे गं. तू दिसावीस म्हणून अगदी पुढं बसलो होतो.

दगडाबाई: दिसले का? मला वाटलं, कापलं आसंल. चुकलं हुतं माझं.

अभिमन्यू: काय चुकलं?

दगडाबाई: डायरेक्टरनं सांगितलं हुतं, राजाला धरून नेत्यात तवा मान खाली घालून रडायचं, जाग्यावरनं हलायचं न्हाय. चाळीस बाया हुतो आमी. त्यो आला. हाताला साखळ्या, केसांत माती. सकाळधरनं पाच येळा चालवलं हुतं बिचाऱ्याला, उन्हात. मला न्हाय ऱ्हावलं. गेले फुडं, तोंडावरनं हात फिरवला आन् कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. डायरेक्टर लागला की वरडायला.

अभिमन्यू: पण हरलेल्या राजाला कसली दृष्ट लागायची?

दगडाबाई: मग जिकलेल्याचीच काडायची व्हय? हरलेल्याला तर जास्त लागती, समदी बघायला येत्यात त्येला. तू बारावीला नापास झालास, तवा काय केलतं मी?

अभिमन्यू: हेच. दारात उभं करून. अख्खी गल्ली बघत होती.

दगडाबाई: मग? फुडच्या साली झालासच की पास.

अभिमन्यू: शेवटचा परिच्छेद राहिलाय. तो ऐक.

(कागद उलटतो.)

‘या सिनेमात राजा एकदाच राजा वाटतो. बेड्यांतल्या राजासमोर गर्दीतली एक अनोळखी म्हातारी येते, त्याची आलाबला घेते, आणि नटाच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी येतं. सगळ्या लढाया एकीकडं आणि तिची ती दहा बोटं एकीकडं. एवढ्यासाठी तरी सिनेमा जरूर पाहावा.’

दगडाबाई: (पिशवी आवरत) बरं हाय.

अभिमन्यू: काय झालं? आवडलं नाही? अगं, शेजारच्या पत्रकाराला कोपरानं ढोसून सांगितलं मी, ही माझी आई. थेटरात उभं राहून ओरडावंसं वाटत होतं.

दगडाबाई: मग हितं अनोळखी कशी झाले?

अभिमन्यू: सिनेमातल्या नावांच्या पाट्यांमध्ये तुझं नावच नाही. अगदी शेवटी ‘वळसंगचे ग्रामस्थ’ एवढंच येतं. आणि मी घातलं तर संपादक धरतील मला. आडनाव एकच. म्हणतील, बिराजदार आईचं कौतुक छापतोय.

दगडाबाई: ह्ये बघ, राजाला काय बोलायचं त्ये बोल. चुकला म्हण, रटाळ म्हण. खरं आसंल त्ये लिव, त्येचाच पगार घेतोस तू. गल्लीला मी आणतेच, त्यात काय. पर त्या म्हातारीला अनोळखी म्हणू नगंस. चाळीस जणी उभ्या हुत्या, फुडं मी गेले.

अभिमन्यू: आई, समजून घे ना. एवढं कौतुक आणि त्यात तुझं नाव, दोन्ही नाही चालायचं.

दगडाबाई: मग कौतुक खोड. दगडाबाई महिपती बिराजदार, वळसंग. एवढं ऱ्हाऊ दे.