खळ्यातली माती

रजिस्ट्री ऑफिसच्या बाकावर मायाशेजारी एक म्हातारं जोडपं नंबराची वाट पाहत होतं.

“क्रीडा संकुलासमोरचं खळं विकलं, तं आपली नात अपेक्षा कबड्डी कुठं खेळंन?” म्हातारीनं विचारलं.

“संकुलात.”

“तिथं बाहेरच्या टीमा राहतात. गावच्या पोरी गेटावरून वापस येतात.”

“खळं घ्याले हॉटेलवाला पिच्छाच सोडत नाही वं.”

“तुम्हीच त्याले सांगतलं ना, या मातीत लोळलं का मॅच जिंकते म्हणून?”

“गमतीनं फेकली होती. आता गाड्या करकरून मायबाप पोरं लोळवाले आणून राहिले.”

“अपेक्षालेही खरंच वाटते. काल रामटेकले मॅचच्या आधी डबीतली माती कपाळाले लावली तिनं.”

“मंग?”

“जिंकली.”

नंबर पुकारला गेला. म्हाताऱ्यानं आपली चिठ्ठी मायाच्या हातात ठेवली.

“जा बाई, आमच्या नंबरावर तुम्हीच जा.”