आधी डॉक्टरांना

सात वर्षांच्या लेकीला मधुमेह आहे, हे कळून आठ दिवस झाले होते. रोज इन्सुलिनच्या सुईपायी घरात रडारड. आज ती आई लेकीला कुशीत घेऊन डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. शेजारी पोहायला शिकवणाऱ्या एक बाई म्हाताऱ्या नर्सताईंशी बोलत होत्या.

"डॉक्टर थकलेत हो, ताई."

"अठ्ठ्याहत्तरी गाठली. मुलगा म्हणतो, आता तरी घरी बसा. ऐकतायत कुठले!"

"मी सहा वर्षांची होते, तेव्हा काळेभोर केस होते त्यांचे."

"आणि तू टेबलाखाली दडून दवाखाना डोक्यावर घेतला होतास."

"मग तेही शिरले की टेबलाखाली! बाही सरकवून आधी स्वतःलाच सुई टोचली."

"नुसत्या सलाईनच्या पाण्याची. तू ढुंकून बघेनास, म्हणून दोनदा."

"मग म्हणाले, आता तू मला टोच. टोचली! तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षं माझं इन्सुलिन मीच घेते."

आईला राहवलं नाही. "तुम्हाला सगळं करता येतं? पोहणंसुद्धा?"

"अहो, रोज पन्नास पोरांना पाण्यात उतरवते. आधी साखर तपासायची, वेळेवर खायचं, की झालं. माझी आईही अशीच बसली होती इथे, तोंडाला पदर लावून."

कुशीतून हळूच मान बाहेर आली.

"मी पण टोचू डॉक्टरांना?"

"टोच की!" नर्सताई म्हणाल्या. "चाळण झालीये त्यांच्या दंडाची, पण तुझ्यापुरती जागा आहे अजून."