वळणावरचं नवं डांबर

कारंज्याच्या अलीकडे एसटी थांबवली होती. पुढे गिट्टीने भरलेला ट्रक उभा होता आणि त्याच्या मागच्या जोडचाकांमध्ये एक लांब दांडी सरकवलेली होती. शेजारच्या सीटवरची म्हातारी खाली उतरून दांडीजवळच्या मोजणीवाल्याशी बोलायला गेली. खिडकीशी बसलेल्या वर्षालीला सगळं ऐकू येत होतं.

"या दांडीनं काय समजते, बाबू?"

"चाकाखाली रस्ता दबते, मावशी. ट्रक पुढं गेला का वर येते. किती दबला होता, ते या काट्यावर दिसते. जास्त दबला तं रस्ता कमजोर."

"मंग त्या वळणावर मोजा. माहा पोरगा आदेश तिथंच गेला. ट्रक पलटला त्याचा."

"कधी?"

"दिवाळीच्या आंधी. लोक म्हनतात त्याले झोप लागली. मी म्हनते रस्ता खचला."

"तिथलं सकाळीच मोजलं, मावशी. पक्का आहे."



"लई पक्का?"

"तेवढा तुकडा नवा आहे ना. पार खालपासून उकरून भरला, दिवाळीनंतर. आंधी कसा होता, ते आता कोनीच सांगू शकत नाई."

"चांगला रस्ता कोनी उकरते का, बाबू?"

"…नाई उकरत, मावशी."

ट्रक बाजूला झाला. म्हातारी परत येऊन बसली आणि तिने पदराच्या गाठीतून मोबाइल काढून सुनेला फोन लावला.

"जया, पोरं शाळेतून आले का? त्याइले सांगजो, तुमचा बाप झोपला नव्हता."