पिशवीचा खिसा

दवाखान्यात नंबरची वाट पाहत बसलो होतो. शेजारी चाकाच्या खुर्चीत एक तरुण शिंपी होता, सोबत त्याची थोरली बहीण.

“पाणी पी की रे.”

“प्यायलो की लघवीची पिशवी भरते, ताई. पँटीतून फुगलेली दिसते.”

“आणि नाही प्यायलास की ताप चढतो. मागे सलाइन कुणाला लावलं, मला?”

“गिऱ्हाइकाचं माप घेताना हे पायाला बांधून बसू?”

“म्हणून दुकान कायमचं बंद?”

“बंद.”

पलीकडे चाकाच्याच खुर्चीत एक आजोबा होते. “बाळा, आमच्या सूनबाईंनी पिशवीसाठी पँटीला आतून खिसा शिवलाय. पण नळी दुमडते, लघवी तुंबते.”

“बघू.” आजोबांनी पँटीचा पाय वर दुमडून खिसा दाखवला. “अहो, हा खिसा आहे की पाकीट? चुण्या हव्यात, पिशवी भरेल तसा खिसा उघडला पाहिजे. खाली पिशवी रिकामी करायच्या तोटीला फट कुठाय?”

“सुनेला सांगू नकोस हं, माझ्या ताटात तीच वाढते!”

“पँट घेऊन दुकानात या.”

“कधी येऊ?”

बहीण घाईने म्हणाली, “उद्याच या.”

“परवा या, आजोबा. आधी माझी शिवून, दिवसभर घालून बघतो.”