चेहरा दिसला पाह्यजे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे सर्वांत जुने सभासद माननीय दौलतरावजी, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या, आपल्या सर्वांच्या डॉक्टर संघमित्रा मॅडम, हातात घंटी घेऊन बसलेल्या सूत्रसंचालिका कमलिनीताई, आजचे सत्कारमूर्ती पुंडलिककाका आणि सत्यभामाकाकू, आणि सेक्टर सहापासून रुआबांधा-जुनवानीपर्यंतच्या, एवढ्या उन्हात इथवर आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

मी ममता. शाळेत खेळ शिकवते. माझा सगळा व्यवहार शिट्टीवर चालतो, त्यामुळे भाषणाची मला सवय नाही. कमलिनीताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. ताई, शिट्टी माझ्याकडेही आहे, तेव्हा घंटी जरा जपून वाजवा.

मंडळी, भिलाईत पोलाद कारखान्यातला माणूस रिटायर होतो तेव्हा त्याला दोन निरोप घ्यावे लागतात. पहिला खात्याचा, शाल-श्रीफळाचा. तो सोपा असतो. दुसरा क्वार्टरचा. ज्या अंगणात लिंबू लावलं, ज्या भिंतीवर पोरांच्या उंचीच्या खुणा केल्या, ते घर कंपनीला परत करायचं आणि चावी देऊन निघायचं. आता काका-काकू तुमसरजवळच्या आपल्या गावी चालले. आमच्या वरच्या मजल्यावरचं काकूंचं शिलाई मशीन बंद होणार. इतकी वर्षं दुपारी त्या मशीनच्या आवाजानं माझी झोप मोडायची आणि मी चिडायची. आता झोप कशी लागणार, हे कुणी सांगेल का मला?

काकूंनी या सेक्टरात किती पोरींना शिवण शिकवलं ते इतर वक्ते सांगतीलच. मी फक्त एका टोपीविषयी बोलणार आहे. ही बघा. मागच्या लोकांना दिसत नसेल तर सांगते, सुती कापडाची टोपी आहे, पुढे रुंद पाळ, म्हणजे ऊन अडवणारी कड, दोन बाजूंना गालांवर येणाऱ्या पट्ट्या आणि हनुवटीखाली बटण. दिसायला काही फार सुंदर नाही. काकू, रागावू नका, पण नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले, सांधे धरले. संघमित्रा मॅडमनी तपासण्या केल्या आणि नाव सांगितलं, ल्युपस. उन्हानं बळावणारा आजार. मॅडम म्हणाल्या, औषध वेळेवर घ्या, क्रीम लावा आणि चेहऱ्याला ऊन लागू देऊ नका. आता खेळाच्या बाईला ऊन टाळा म्हणणं म्हणजे मासोळीला ओली होऊ नको म्हणणं. पण मॅडमनी खरं तेच सांगितलं होतं.

गोळ्यांनी आजार आवरला, पण चेहरा सुजला. तसं होतं, म्हणे. डोस कमी झाला की हळूहळू उतरतं, म्हणे. मला मात्र आरशात रोज एक गोल, अनोळखी बाई दिसायची. मी घरातले पडदे लावून घेतले. त्याच उन्हाळ्यात माझी सीमा नागपूरला कॉलेजसाठी निघाली. दुर्गहून दुपारची गाडी. आमचे हे, नरेश, तिला सोडायला गेले. मी पडद्याच्या फटीतून हात हलवला. तिनं रिक्षातून वळून पाहिलं, पण तिला मी दिसलेच नाही. तो हात मी कितीतरी वेळ खाली घेतला नव्हता.

शाळेनं मला वाईट वागणूक दिली असं कुणी समजू नये. मुख्याध्यापक घरी आले, चहा घेतला, म्हणाले, मैदान जमत नसेल तर ऑफिसात बसा, नवं सत्र सुरू होईल तेव्हा काय ते कळवा. इतकं चांगलं बोलले की मला आणखी रडू आलं. कारण ऑफिसात बसले असते तर मी जगले असते, पण ममता बाई राहिली नसती.

एकदा हिंमत केली. आपल्या पोरी स्कूटीवर बांधतात तसा स्टोल डोळ्यांपर्यंत गुंडाळला आणि सकाळी मैदानावर गेले. शिट्टी स्टोलच्या आत, फुंकली तर आवाज आतल्या आत. खो-खोची कॅप्टन हिरा जवळ आली, माझ्याकडे बघत राहिली आणि बिचारी खरं तेच बोलली, "मैडम, आप हँस रही हो कि गुस्सा हो, पता नहीं चल रहा."

मी परत आले आणि जिन्यातच बसले. वरून काकू भाजीची पिशवी घेऊन उतरत होत्या. त्यांनी विचारलं, "कावून वो ममता, जिन्यात बसून काय करून राहिली?" मी हिराचं बोलणं सांगितलं. दुसरी बाई असती तर म्हणाली असती, होईल सगळं ठीक. काकू पायरीवर माझ्याजवळ टेकल्या आणि म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलली. ऊन लागाले नाई पाह्यजे, अन चेहरा दिसला पाह्यजे. तू रडून घे आता. उद्या माप द्याले ये."

आता तुम्हाला वाटेल, काकूंनी मशीनवर बसून एका दुपारी ही टोपी शिवली. छे हो! पहिली टोपी झाली ती टांग्याच्या घोड्याच्या झापडांसारखी. समोरचं सगळं दिसायचं, बाजूचं काही नाही. ती घालून मी मैदानावर गेले आणि खो-खोच्या खांबावर आदळले. काकू कपाळाचं टेंगूळ बघून म्हणाल्या, "खांबच सरकवता येत नाई का?" दुसरी टोपी सुपाएवढी. ती घालून आम्ही दोघी स्कूटरवर रुआबांध्याकडे निघालो, तर वाऱ्यानं ती उचलली आणि थेट नालीत. काकू चालत्या स्कूटरवरून उतरायला निघाल्या होत्या! मी ब्रेक मारला म्हणून आज हा सत्कार होतो आहे. तिसऱ्या वेळी त्यांनी चेहऱ्यासमोर आरपार दिसेल असं काळं प्लास्टिक लावलं, त्याच्या आत वाफ धरायची आणि मला सगळी भिलाई धुक्यात दिसायची.

मी कंटाळले. म्हटलं, काकू, फेकून द्या. तर त्यांचं ठरलेलं वाक्य, जे त्यांच्या प्रत्येक विद्यार्थिनीनं ऐकलंय. सांगा बरं काय? हां, मागून आवाज आला. "चुकलं तर उसवाचं, फाडाचं नाई."

मग काकू तिन्ही टोप्या, नालीतली धुऊन, पिशवीत घालून संघमित्रा मॅडमच्या दवाखान्यात जाऊन बसल्या. मॅडम, तुम्ही त्या दिवशी बाहेर एवढे पेशंट असताना एकेक टोपी खिडकीच्या उजेडात धरून पाहिलीत. कापड घट्ट विणीचं घ्या म्हणालात, नुसतं काळं असून भागत नाही म्हणालात, आणि ऊन जमिनीवरून उसळून खालूनही येतं हे सांगितलंत. काकू घरी येऊन म्हणाल्या, "पाह्य, आपण फक्त आभाळाकडं पाहून राहिलो होतो." तेव्हा या गालपट्ट्या हनुवटीपर्यंत आल्या. टोपीनं सगळं काम होत नाही, क्रीम आणि गोळ्या लागतातच. मॅडम समोर आहेत म्हणून नाही, खरंच तसं आहे.

पण टोपीच्या पाळीचं कोडं सुटत नव्हतं. सकाळी ऊन तिरपं येतं, तेव्हा पाळ खाली हवी. दुपारी वर हवी, नाहीतर पोरी दिसत नाहीत. एका रात्री वर त्यांच्याकडे जेवताना काकांनी तोंड उघडलं. पुंडलिककाका फार बोलत नाहीत, घरात त्यांना संधीही नसते. ते म्हणाले, "अवो, आमच्या हेल्मेटले निळी काच असते नं. पोलाद पाहाचं तेव्हा खाली, माणूस पाहाचं तेव्हा वर." काकूंच्या हातातला घास तसाच राहिला.

अध्यक्ष महाराज प्लांटमधूनच निवृत्त झालेले आहेत, म्हणून इथंच स्पष्ट करते. काकांनी पोलाद वितळवणाऱ्या मेल्टिंग शॉपमधून फक्त कल्पना आणली. वस्तू एकही आणली नाही.

तर ही पाळ आता दोन कानांजवळच्या दोन बटणांवर फिरते. बघा, एका बोटानं खाली. एका बोटानं वर. गालपट्ट्या सोडल्या की मागे जातात, लावल्या की पुढे. शिट्टी मोकळी, डोळे मोकळे, हसू मोकळं.

नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी मी ती घालून मैदानाच्या कडेला, झाडाच्या सावलीत उभी राहिले. पोरी धावत आल्या. हिरानं खाली वाकून पाळीच्या आत पाहिलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "अरे, मैडम हँस रही हैं!" त्याच दिवशी मी मुख्याध्यापकांना कळवलं, ऑफिसची खुर्ची नको.

हो ताई, घंटी ऐकली. मुख्य गोष्ट अजून राहिली आहे, तेवढी सांगू द्या.

हनुवटीखालच्या या पट्टीला एक बटण आहे आणि ओळीनं काजं आहेत. माप घेतलं तेव्हा माझा चेहरा सर्वांत जास्त सुजलेला होता. बटण अगदी बाहेरच्या काजात लागायचं. पण आतल्या बाजूला काकूंनी हातानं आणखी काजं करून ठेवली होती, एकेक बारीक टाक्याची. मी विचारलं, "ही कशाला?" त्या म्हणाल्या, "राहू दे, पट्टी उरली होती." मला मनातून रागही आला. माझा चेहरा हा असा झालाय, ही बाई डोळ्यांनी बघतेय, आणि कुणा बारीक चेहऱ्याच्या बाईसाठी काजं करतेय! काकू माझ्या सुजलेल्या चेहऱ्याविषयी कधी एक शब्द बोलल्या नाहीत, मग मी काय बोलणार?

महिने गेले. मॅडमनी डोस कमी केला. बटण एक काज आत सरकलं, मग आणखी एक. मला वाटलं, बरं झालं, पट्टी उरली होती.

गेल्या आठवड्यात काका-काकूंचं सामान बांधायला मी वर गेले होते. ट्रंकेतून एक पुठ्ठ्याचं शिरस्त्राण निघालं, चंदेरी कागद लावलेलं. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकात मी शिपाई झाले होते, आठवतं का? एकच वाक्य होतं आणि तेही मी विसरले होते. आजाराच्या आधीची गोष्ट. त्या शिरस्त्राणाची हनुवटीखालची नाडी अजून बांधलेली होती. माझ्या मापाची गाठ तशीच. मी म्हटलं, काका, हे कशाला जपलं? तेव्हा काका म्हणाले, "टोपीचं माप यावरूनच घेतलं नं तिनं. एक माप तुह्या तोंडाचं, अन एक या गाठीचं. मले म्हणे, हिचा चेहरा वापस येईन तेव्हा काज कमी पडाले नाई पाह्यजे."

काकू स्वयंपाकघरात भांडी गुंडाळत होत्या. मी आत जाऊन त्यांच्यासोबत भांडी गुंडाळू लागले.

मंडळी, मला माझा चेहरा आठवत नव्हता. मी जुने फोटो उलटे करून ठेवले होते. आणि आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, एक बाई त्या चेहऱ्याचं माप ट्रंकेत जपून बसली होती, तो परत येणारच आहे या हिशोबानं. डॉक्टरांनी मला बरं केलं, नरेशनं आणि सीमानं सांभाळलं. पण माझी वाट काकूंनी पाहिली. आईनं पाहावी तशी पाहिली.

काकू, आता जे सांगणार आहे ते तुम्हाला अजून माहीत नाही. घरी नरेशलाही मी गप्प राहायला सांगितलं होतं, सत्कारातच सांगायचं म्हणून. आज सकाळी टोपी घातली. बटण शेवटच्या काजात लागलं, अगदी आतल्या. काकू, एकही काज कमी पडलं नाही.

रडू नका, फोटो खराब येतील. विक्की, जरा थांब बाबा, मग काढ.

या समारंभात मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि मंडळाचे आभार. टोप्या उजेडात धरून पाहणाऱ्या संघमित्रा मॅडमचे आभार. घंटी हातात असून एकदाच वाजवल्याबद्दल कमलिनीताईंचे आभार. आणि जेवणाची वेळ टळूनही बसून राहिलात म्हणून तुम्हा सगळ्यांचे तर विशेष आभार. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर काकूंच्याच रिवाजानं उसवून घ्या, फाडू नका.

आणि एक शेवटचं. काकू, उद्या तुमची गाडी दुर्गहून भर दुपारी आहे. तुम्ही परवा म्हणालात, "तू नको येऊ वो, ऊन असते." मी येणार आहे. मॅडम, प्लॅटफॉर्मला शेड आहे, मी बघून आले आहे. येताना पाळ खाली असेल. पण गाडी हलेल तेव्हा मी ती वर करीन. तुम्ही खिडकीशी बसा आणि बाहेर बघा.

नमस्कार.