गुंडीचे जुलाब आणि पांढरी पुडी

मी, टेलरमावशी, वय ५७ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार दुमजली इमारत, तळमजला, खोली क्रमांक ३, समक्ष हजर राहून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर गुंडी नावाच्या पाच वर्षांच्या कुत्रीसह राहते. घरात तिसरं कोणी नाही.

शेजारचे घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी यांनी गुंडीला विष घातलं, अशी तक्रार मी मंगळवारी दिली होती. ती तक्रार चुकीची आहे. कशी झाली ते सांगते.

गुंडी घड्याळजींच्या गिऱ्हाइकांवर भुंकते. पंधरा दिवसांपूर्वी ते चिडून म्हणाले होते, "ताई, एक दिवस हिचा बंदोबस्त करतो." ते माझ्या डोक्यात बसलं होतं.

शनिवारी माझ्या एका गिऱ्हाईकबाईंनी उरलेलं तळलेलं मटण आणलं. गुंडीने चाटूनपुसून खाल्लं. रविवारी पहाटे जुलाब सुरू झाले. अशक्तपणा येईल म्हणून मी दूध पाजलं. सोमवारी टेप घेऊन पोट मोजलं. नेहमी साडेएकवीस इंच भरतं, वीस भरलं. माप कमी आलं की कापड वाढवायचं ही आमची सवय, मी दूध वाढवलं. घड्याळजी दारातून म्हणाले, "ताई, दूध नका देऊ." मी म्हटलं, "तुम्ही तुमचे काटे सांभाळा."

मंगळवारी सकाळी अकरा वाजता दोरा घेऊन परत आले, तर घड्याळजी गुंडीच्या भांड्यात पांढरी पूड ढवळत बसलेले. मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. सगळी इमारत गोळा झाली. ते एवढंच म्हणाले, "आधी तिला दवाखान्यात न्या, मग मला काय बोलायचं ते बोला." मी त्यांच्या हातातली पुडी हिसकावली आणि इथे चौकीत येऊन तक्रार दिली. त्यात पाऊण तास गेला. तो पाऊण तास गुंडी दारात पडून होती. याबद्दल मला कोणी विचारलेलं नाही, तरी लिहून घ्यावं.

हवालदारांनी दवाखान्यात जा म्हटल्यावर मी तिला उचलून नेलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच जागेवर गेली नाही. अंगातलं पाणी गेलंय म्हणाल्या, सलाईन लावलं. पुडी पाहून हसल्या. "ही माझ्याकडचीच. पाण्यात घालायचे क्षार आहेत. सकाळी एक गृहस्थ घेऊन गेले. कुत्रीला घेऊन या म्हटलं, तर म्हणाले, शेजारीण हात लावू देत नाही."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यांनी सांगितलं की, तेलकटाने पोट बिघडलं, दुधाने भर घातली. वयाने मोठ्या कुत्र्यांना बरेचदा दूध पचत नाही. आता मऊ भात आणि नुसती उकडलेली कोंबडी, थोडी थोडी, दिवसातून चारदा. पाणी सतत. माणसांच्या गोळ्या मुळीच नाहीत. रक्त पडलं, उलट्या झाल्या, किंवा पिल्लू असलं तर घरी थांबायचंच नाही. मी म्हटलं, "बाई, मीच मारत होते हो तिला." त्या म्हणाल्या, "मायेपोटी केलंत. आता तीच माया भातात घाला."

काल सकाळी गुंडीची शी घट्ट झाली. हे जबाबात घेता येत नाही असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, मग जबाब आहे तरी कशाचा? तेव्हा घेतलं.

घड्याळजींविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. आरोप मी चारचौघांत केला, तेव्हा माफीही चारचौघांतच मागणार. कुत्री कोणाकडे ठेवून आलात असं विचारल्यावरून सांगते की, ती बाहेर बाकापाशी आहे आणि साखळी घड्याळजींच्या हातात आहे. मी सोबत या म्हटलं नव्हतं, माझी जीभच रेटली नसती. निघताना तेच दारात उभे होते. म्हणाले, "द्या इकडे. एकट्या कुठे ओढत न्याल तिला?"

वरचा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना खिडकी माझ्या सांगण्यावरून सताड उघडी ठेवली. सगळं मी सांगितल्याप्रमाणे खरं आहे. मध्येच बाहेरून "ताई, बास झालं आता, तिच्या भाताची वेळ झाली," असं कोणी म्हणालं, तेही खरं आहे.