पूर्ण समुद्राची बादली

मुंगी : पण काकू, आईला जे सोसतं ते पोरांना का सोसू नये? नर्सरीत तीन हजार रोपं आहेत, सगळी या सात नंबरच्या कुंडीतल्या वेलीची कटिंग्ज. पूर्ण समुद्राचं पाणी घातलं आणि आठव्या दिवशी पानं कडेनं करपायला लागली.

काकू : आधी बस तरी. आल्या आल्या कुंडीत डोकं! ह्यांनी तुझं नाव मुंगी ठेवलं ते काही उगाच नाही.

मुंगी : बसायला वेळ नाही हो. सोमवारी लावणी आहे.

काकू : हे गेल्यापासून तीन वर्षांत एकदा आलीस, ती कटिंग्ज न्यायला. तेव्हाही वेळ नव्हता.

मुंगी : चुकलंच माझं. पण या लावणीवर सगळं अवलंबून आहे. भरतीची रेघ जिथे थांबते तिथेच पहिली ओळ लावायची. इतकं मीठ त्या बाहेरून आलेल्या पिवळ्या वेलीला झेपत नाही. आपली मर्यादवेल तिथे रुजली, की मग तिथून मागे सरकत पिवळीची जागा घ्यायची. सरांनीच आखून दिलंय.

काकू : आम्ही इथे राहायला आलो तेव्हा त्या वाळूच्या टेकड्यांवर पिवळं फूल औषधालाही नव्हतं. सगळं जांभळं. कुणीतरी हौसेनं ती बंगल्यात लावली आणि बाई कुंपणावरून खाली उतरल्या. हे म्हणायचे, पाहुणी म्हणून आली आणि कपाटाच्या किल्ल्या मागायला लागली.

मुंगी : काकू, पाण्याचं सांगा ना. सर दवाखान्यात होते ते चार महिने पाणी तुम्हीच घालत होतात. मीठ कसं मोजायचात?

काकू : कसं म्हणजे? शिकवलं होतं तसं. तीन बादल्या. पाव समुद्र, अर्धा समुद्र, पूर्ण समुद्र. पूर्णला दहा लिटरमागे साडेतीनशे ग्रॅम. भाजी खारट झाली तरी ह्यांचं ताटावर तेच, ‘आज अर्धा समुद्र झालाय हं!’

मुंगी : मीही साडेतीनशेच घालते. म्हणजे घोटाळा माझ्याचकडे आहे.

काकू : तुझ्याकडे कसा?

मुंगी : मग कुणाकडे? सरांचे आकडे चुकायचे नाहीत. बाकी सगळ्या वेली पूर्ण समुद्रावर जेमतेम जीव धरून राहिल्या, आणि सातवीनं फूल दिलं. त्यांचा शेवटचा लेख आहे तो, छापून आलेला. मी उद्या नर्सरीच्या साहेबांना लिहून देणार आहे, नर्सरीत माझ्याकडून हलगर्जी झाली म्हणून. काम काढून घेतील. घेऊ देत.

काकू : लिहू नकोस.

मुंगी : लिहावंच लागेल.

काकू : लिहू नकोस म्हणतेय ना! सातवीतली चिमूटभर माती घे. जिभेला लाव.

मुंगी : माती?

काकू : लाव ग.

मुंगी : …खारट नाही.

काकू : नाही.

मुंगी : कधीपासून?

काकू : ह्यांना दवाखान्यात नेऊन बारा दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले, मीठ बंद. एकदम बंद. मी घरी आले, ह्यांच्या अळणी जेवणाचा डबा घासला, आणि सोमवार होता म्हणून बादली घेऊन इथे गॅलरीत आले. सातवीची पानं अशी मिटलेली, मूठ आवळल्यासारखी. बाकीच्यांना घातलं. तिच्यापाशी हात उचलेना. म्हटलं, हिचंही मीठ बंद.

मुंगी : आणि सरांना बोलला नाहीत?

काकू : बोलणार होते. घरी आणलं त्या दिवशी भिंत धरत धरत इथवर आले. फूल बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना असं हसताना मी दोनदाच पाहिलं असेल. म्हटलं, जेवताना सांगू. तर जेवण टाकून तुलाच फोन लावून बसले. मग उद्या सांगू म्हटलं. असे एकोणसाठ दिवस मिळाले मला.

मुंगी : नंतर मला तरी सांगायचंत.

काकू : तू होतीस कुठे? बाकीच्या अकरा कुंड्या तुमची माणसं घेऊन गेली. ही एक ठेवून घेतली मी. मीठ घातलं असतं आणि मेली असती तर? ह्यांचा हात लागलेलं तेवढंच एक हिरवं राहिलंय घरात.

मुंगी : काकू… तो लेख मागे घ्यावा लागेल.

काकू : कळतंय मला.

मुंगी : नाव त्यांचं आहे त्यावर.

काकू : चूक माझी आहे. ती वहीत लिहिलेली असू दे. तुझी नको, ह्यांची दे. त्या खुर्चीवर आहे बघ.

(काकू बराच वेळ लिहितात. मुंगी शेवटी खाली बसते.)

मुंगी : ‘सात नंबरला पहिल्या महिन्यापासून गोडं पाणी घातलं. मी घातलं. ह्यांना ठाऊक नव्हतं.’ …‘ह्यांना’? प्रयोगाच्या वहीत?

काकू : मग काय लिहू? नाव कधी घेतलंच नाही.

मुंगी : राहू दे. तसंच राहू दे.

काकू : आणि तुझ्या त्या तीन हजारांचं काय?

मुंगी : आज मीठ धुऊन काढते. लावणी पुढे ढकलायची, आणि पाव समुद्रापासून सुरुवात करून हळूहळू चढवत न्यायचं. निम्मी तरी तगतील. सातवीलाही तसंच करून बघायला हवं, म्हणजे तिच्यात खरंच किती दम आहे ते कळेल. पण तुम्ही नको म्हणालात तर—

काकू : पाव म्हणजे साडेसत्त्याऐंशी ग्रॅम. काटा त्या फडताळात आहे.

मुंगी : द्या, मी घालते.

काकू : नको, मीच घालते. तू नुसती उभी राहा. तीन वर्षं इथे बघायला कुणी नव्हतं.